फ्रेंच पार्टिसिपलला ई-एस कधी लावायचं? मराठीतून बघा, सोपं जातं

पासे कोंपोझे, म्हणजे फ्रेंचचा भूतकाळ (एत्र किंवा आव्वार हे सहाय्यक क्रियापद आणि पुढे मुख्य क्रियापदाचं पार्टिसिपल रूप), सुरू झालं की बहुतेक जण इंग्रजीच्या आधाराने शिकायला जातात आणि तिथेच अडकतात, कारण इंग्रजीत तो गेला काय नि ती गेली काय, वेंट ते वेंटच. मराठीत आपण हे बदल दिवसभर बोलताना करतो, तेच वापरा ना.

आधी एत्र (असणं) घेणारी क्रियापदं, म्हणजे जाणं, येणं, निघणं, पडणं, जन्मणं, मरणं वगैरे. इथे फक्त कर्ता बघायचा. मुलगा म्हणतो मी निघालो, मुलगी म्हणते मी निघाले, तसंच ज स्वी पार्ती (मी निघालो/निघाले) लिहिताना मुलीने शेवटी ई लावायचा, अनेकवचनाला एस, सगळ्या बायकाच असतील तर दोन्ही. उच्चार बहुतेक वेळा तोच राहतो म्हणून लिहिताना हमखास राहून जातं.

खरी मजा आव्वारची (जवळ असणं) आहे. मी चिठ्ठी लिहिली, मी निबंध लिहिला, लिहिणारा कोणी का असेना, क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं ना? आव्वारलाही कर्मच बघायचं, पण ते आधी येऊन गेलेलं पाहिजे, आणि ही अट मराठीत नाहीये. जे एक्री ला लेत्र, इथे चिठ्ठी नंतर आली, काही लावू नका. ला लेत्र क जे एक्रीत, म्हणजे मी लिहिलेली चिठ्ठी, इथे ती आधी आली म्हणून ई लागला आणि त्याच्यामुळे इतका वेळ गप्प असलेला टी ऐकू यायला लागला. 16व्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियन बघून हा नियम मांडला, तो अजून चालू आहे. लिंग मात्र फ्रेंचचंच धरा, सफरचंद आपल्याकडे नपुंसक, त्यांचं सफरचंद, म्हणजे पॉम, स्त्रीलिंगी.

मराठी फसवते ती "ला"मुळे. मी तिला बघितलं, मी तिला सांगितलं, आपल्याला दोन्ही सारखंच वाटतं, पण फ्रेंचमध्ये बघणं थेट कर्म घेतं आणि सांगणं-बोलणं मध्ये आ (आपल्या "ला", "शी" सारखा शब्द) घेऊन येतं. स (स्वतःला, एकमेकांना) लागलेली क्रियापदं एत्र घेतात, पण त्यांना कर्त्याचा नाही, कर्माचाच नियम लावायचा. म्हणून इल स सों व्यू (त्यांनी एकमेकांना बघितलं) मध्ये एस लागतो, इल स सों पार्ले (ते एकमेकांशी बोलले) मध्ये काहीच नाही. क्रियापद पाठ करतानाच पुढे आ लागतो का तेही पाठ करून टाका, नंतर खूप त्रास वाचतो. तसंच एल से लावे, तिने स्वतःला धुतलं, ई लावा, पण एल से लावे ले मँ (तिने हात धुतले) मध्ये हात हे कर्म नंतर आलंय, सो ई नाही.

आणि कर्माच्या जागी आँ (त्यातलं) आलं, जसं जाँ ए माँजे (मी त्यातलं खाल्लं), तर पॉम कितीही खाल्ली असली तरी पार्टिसिपल तसंच ठेवायचं.