पावसाळी सल्ला : कॅमेऱ्यातले किलो नको, गायीची हाडं बघा

पावसाळ्यात विणाऱ्या गायींकडे आत्तापासून लक्ष ठेवा. विल्यानंतरच्या पहिल्या ६० दिवसांत गाय अंगातली चरबी जाळून दूध देते. बादली भरत असते, म्हणून ती खंगतेय हे कुणी बघत नाही. पुढे ती माजावर येत नाही, आली तर उलटते, म्हणजे भरवूनही गाभ धरत नाही. एवढ्या एका दुर्लक्षापायी उत्तम गायी भाकड म्हणून विकल्या गेलेल्या पाहिल्या आहेत.

गोठ्याच्या वाटेवर उंचावर लावलेला त्रिमितीय कॅमेरा खालून जाणाऱ्या गायीच्या पाठीचा आकार टिपतो आणि त्यावरून वजन व शरीरस्थितीचा १ (हडकुळी) ते ५ (लठ्ठ) मधला गुण काढतो. सोय चांगली आहे. पण विक्रेता किलोच दाखवतो आणि फसगत तिथेच होते. गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत पोटातलं वासरू वाढतं, त्यामुळे गाय खंगली तरी वजन चढतं. विल्यावर खाणं वाढून पोट भरतं आणि झीज झाकली जाते. म्हणून गुण बघा. विताना ३ ते ३.५ असावा. नंतर अर्ध्या गुणाहून जास्त उतरला तर आठवडाभर थांबू नका, पशुवैद्यकाला बोलवा. अशा वेळी टॉनिकच्या बाटल्या खपवल्या जातात, त्या घेऊ नका. आधी वैरण आणि खुराक तपासा.

पावसात भिंगावर वाफ धरते, कोळ्याची जाळी लागते, चिखलाने केस चिकटतात. भिंग रोज पुसा. ओल्या अंगाच्या मोजणीवर माझा विश्वास नाही, अंग वाळल्यावरचीच धरा.

विकत घेण्याआधी आपल्याच दहा गायी काट्यावर आणि कॅमेऱ्याखाली मोजून दाखवायला सांगा. टाळाटाळ केली तर पैसे देऊ नका. लहान गोठ्याला मोबाइल पुरतो : दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच जागेवरून, मागून आणि बाजूने फोटो. शेपटीच्या मुळाशी खड्डा पडला, खुब्याची हाडं टोकदार दिसली की गाय खंगतेय असं समजा. डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) सकाळीही खोल दिसली तर ती गाय चारा सोडतेय, असा माझा अंदाज सहसा चुकत नाही.

जंतनाशकासाठी मात्र किलो लागतात. छातीचा घेर इंचात घ्या, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून शेपटीखालच्या मागच्या हाडापर्यंतच्या लांबीने (तीही इंचात) गुणा, ६६० ने भागा. घेर ६६, लांबी ५८ म्हणजे सुमारे ३८३ किलो. फेनबेंडाझोल किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे हिला साधारण १.९ ग्रॅम. कमी मात्रेने जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात.

बाकी कामं :
- घटसर्प, फऱ्याची लस पावसाआधी
- गोचीड, खुरं तपासणे
- बसायची जागा कोरडी
- पाणथळ गवतात चराई बंद

जबड्याखाली मऊ सूज दिसली तर यकृतातल्या चपट्या कृमींचा संशय धरा. वरची मात्रा या कृमींवर चालत नाही, त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा.