थायमसच्या छेदांचे प्रतिदीप्त रंजन: या चुका टाळा

थायमस म्हणजे लसिकापेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) जिथे परिपक्व होतात ती छातीतील ग्रंथी. प्रतिदीप्त रंजनात तिच्या पातळ छेदांतील ठरावीक प्रथिने चमकत्या प्रतिपिंडांनी (विशिष्ट प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूंनी) दाखवली जातात. छेदात बाहेरचे दाट कॉर्टेक्स आणि आतले विरळ मेड्युला वेगळे ओळखू आले नाहीत, तर प्रतिपिंडाला दोष देण्याआधी ऊती प्रयोगशाळेपर्यंत कशी पोहोचली हे तपासावे. यवतमाळ किंवा वाशीमच्या खेड्यातून मे महिन्यात करडाची थायमस ग्रंथी आणताना पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि कॉर्टेक्समधील अपरिपक्व लसिकापेशी लवकर मरतात. ग्रंथी थंड बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) बुडवून बर्फावर आणावी, पण बर्फात गाडू नये. सावकाश गोठलेल्या ऊतीत बर्फाचे स्फटिक वाढतात व छेदाला चाळणीसारखी भोके पडतात. आजारी जनावराच्या शरीरात वाढलेल्या स्टिरॉइड संप्रेरकांमुळे कॉर्टेक्स आधीच झिजलेले असू शकते, म्हणून वय व प्रकृतीची नोंद हवीच.

कृत्रिम रेतनासाठी ठेवलेला द्रव नायट्रोजन तालुक्याच्या गावीही मिळतो, ही विदर्भातील मोठीच सोय आहे. मात्र ऊती थेट त्यात टाकल्यास तिच्याभोवती वायूचे आवरण तयार होऊन गोठणे मंदावते आणि ऊतीच्या ठोकळ्याला तडे जातात. नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेन या द्रवात ठोकळा गोठवावा. वीज गेल्यावर क्रायोस्टॅट (गोठलेल्या ऊतीचे छेद कापणारे थंड यंत्र) तापला असेल, तर अर्धवट वितळलेला ठोकळा पुन्हा गोठवून वापरू नये.

सर्वांत फसवी चूक दुय्यम प्रतिपिंडाची आहे. प्राथमिक प्रतिपिंड ऊतीतील शोधायच्या प्रथिनाला चिकटते आणि चमकणारे दुय्यम प्रतिपिंड त्या प्राथमिकाला. पुस्तकांतील बहुतेक कृती उंदरासाठी लिहिलेल्या असतात, आणि शेळीच्या ऊतीत शेळीची स्वतःची इम्युनोग्लोब्युलिने (प्रतिपिंडे) भरलेली असल्याने, शेळीत बनवलेले प्राथमिक प्रतिपिंड व त्याला ओळखणारे दुय्यम प्रतिपिंड अशी जोडी वापरली की संपूर्ण छेद उजळतो. सशात बनवलेले प्राथमिक प्रतिपिंड, त्यासाठी गाढवात बनवलेले व शेळीच्या सीरमविरुद्ध शोषून शुद्ध केलेले (म्हणजे शेळीच्या प्रथिनांना चिकटणारा भाग काढून टाकलेले) दुय्यम प्रतिपिंड आणि अवरोधनासाठी (प्रतिपिंडे नको तिथे चिकटू नयेत म्हणून) गाढवाचे सीरम, ही जोडणी माझ्या मते सर्वांत निर्धोक आहे. केराटिनची (थायमसच्या आधारपेशींतील प्रथिनाची) प्रतिपिंडे अनेक प्राण्यांत चालतात. लसिकापेशींच्या पृष्ठभागावरील खुणांची चालतीलच असे नाही.

प्रत्येक वेळी एक काचपट्टी प्राथमिक प्रतिपिंडाशिवाय आणि एक मुळीच न रंगवता ठेवावी, कारण लाल रक्तपेशी व मॅक्रोफेज (भक्षक पेशी) स्वतःच चमकतात. या पट्ट्यांची छायाचित्रे नमुन्याइतक्याच प्रकाशनकाळात (एक्स्पोजरमध्ये) घ्यावीत. कॅमेऱ्याला आपोआप प्रकाशन ठरवू दिल्यास अंधारी नियंत्रण पट्टीही (तुलनेसाठी ठेवलेली वरीलपैकी पट्टी) उजळ दिसते आणि तुलनाच उरत नाही.