बडोद्यात नव्याने आलात? मेडिक्लेमचं आधी बघा

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मकरपुरा, सावली, हालोलच्या कारखान्यांत लागलेली मराठी पोरं-पोरी बडोद्यात येतात. खोली, डबा, भाडेकरार त्यांचं तेच बघतात. गुजरातीही सहा महिन्यांत जमतं. दवाखान्याच्या खर्चाच्या विम्याचं, म्हणजे मेडिक्लेमचं, विचारलं की मात्र ठरलेलं उत्तर येतं, "कंपनीचा आहे ना!"

कंपनीचा आहे, पण तो तुमचा नाही. राजीनामा दिला की बहुतेक ठिकाणी कामाच्या शेवटच्या दिवशीच कव्हर संपतं. सुरुवातीची चार-पाच वर्षं तुम्ही नोकऱ्या बदलणारच, आणि दोन नोकऱ्यांमधल्या मोकळ्या महिन्यात अपेंडिक्स दुखायचं थांबत नाही. तेव्हा धावत जाऊन पॉलिसी घेतलीत तरी पहिले ३० दिवस अपघात सोडून बहुधा काही मिळत नाही. हर्निया, मुतखडा, मोतीबिंदू अशा ठरावीक आजारांना साधारण दोन वर्षं थांबावं लागतं, आणि आधीपासून असलेल्या दुखण्याला जास्तीत जास्त तीन. ही थांबायची वर्षं पंचविशीत, धडधाकट असताना निघून गेलेली बरी. म्हणून कंपनीचा असला तरी स्वतःच्या नावावर वेगळा मेडिक्लेम घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे, तेव्हा ती सबबही उरली नाही.

पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात येता. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, सव्वातीन टक्के मालक भरतो, आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळतात. पुण्यात किंवा नाशकात आधी ईएसआयचा नंबर मिळाला असेल तर तोच इथल्या एचआरला द्या, नवा काढू देऊ नका. ईएसआयच्या दवाखान्याला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतील. त्यातल्या किती जणांनी तिथली पायरी चढली आहे, ते विचारा.

आता आपल्या माणसांबद्दल. बडोद्यात मराठी माणूस गायकवाडांच्या काळापासून आहे, दांडिया बाजार-रावपुऱ्याकडे गणपतीत गेलात तर परगावी आलोय असं वाटणार नाही. तिथेच तुम्हाला एक काका भेटतील. प्रेमळ, घरी जेवायला बोलावणारे, आणि विमा एजंट. दुसऱ्या भेटीत ते वीस वर्षं हप्ते भरून शेवटी बोनससकट पैसे परत देणारी योजना काढतील. इथली हवाच तशी आहे. ऑफिसातले गुजराती मित्रही आधी विचारतात, "पाछुं शुं मळशे?", म्हणजे परत काय मिळणार? धंद्यात हा प्रश्न बरोबर आहे, विम्यात नाही. परत मिळणाऱ्या पैशांचं व्याज काढून बघा, बँकेच्या ठेवीच्या आसपासच घुटमळतं, आणि मेल्यावर मिळणारी रक्कम घरच्यांना दोन वर्षंही पुरत नाही. तुमच्यावर कोणी अवलंबून असेल किंवा डोक्यावर कर्ज असेल तर साधा टर्म विमा घ्या, म्हणजे फक्त मेल्यावर घरच्यांना पैसे देणारा, वार्षिक उत्पन्नाच्या दहा-पंधरा पट. कोणी अवलंबून नसेल तर घाई नाही. काकांना नाही म्हणता आलं नाही आणि सही झालीच, तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. काका चार दिवस बोलणार नाहीत. चालेल.

पण काकांचा खरा धोका हप्त्यात नसतो, फॉर्ममध्ये असतो. आमच्या शेजारी पेइंग गेस्ट राहणाऱ्या एका मुलाला लहानपणापासून दमा. फॉर्म एजंटने आपल्या मोबाइलवर भरला, आजारांच्या सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही' केलं आणि याच्याकडून फक्त ओटीपी मागून घेतला. पुढच्या हिवाळ्यात छाती भरली, दवाखान्यात न्यावं लागलं. भरती करताना ड्यूटीवरच्या डॉक्टरने विचारलं, यानेही खरं ते सांगितलं, आणि केसपेपरवर पहिल्याच ओळीत आलं, लहानपणापासून दमा, पंप चालू. क्लेम नाकारला, पॉलिसीही रद्द झाली, आणि लाखाच्या वरचं बिल वडिलांनी भरलं. दमा आधीच लिहिला असता तर काय झालं असतं? हप्ता थोडा वाढला असता, नाहीतर दम्यापुरतं काही वर्षं थांबावं लागलं असतं. बस. तेव्हा फॉर्म स्वतः भरा. ओटीपी सांगितला म्हणजे सही केली. थायरॉइड, जुनं ऑपरेशन, सिगारेट, सगळं लिहा. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर लबाडी सिद्ध झाल्याशिवाय विमा कंपनीला हे उकरता येत नाही, पण त्या भरवशावर खोटं लिहू नका, कारण लपवणं ही लबाडीच.

पॉलिसीतली दवाखान्याच्या खोलीभाड्याची अट बघा. तीन लाखांच्या पॉलिसीत एक टक्क्याची मर्यादा असेल तर खोली दिवसाला ३,००० ची. तुम्ही ६,००० ची घेतलीत तर वरचे तीन हजार तर जातातच, शिवाय सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हेही निम्म्यावर येतं. म्हणजे या खर्चांचं दोन लाख बिल झालं तर त्यातले एक लाख तुम्ही भरायचे. अशी मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग मिळते, तीच घ्या.

पत्ता खरा द्या. काही कंपन्या शहरांप्रमाणे हप्ता ठरवतात. लहान गावाच्या पत्त्यावर स्वस्तात पॉलिसी घ्यायची आणि उपचार मुंबईत करायचे, तर बिलाचा काही भाग खिशातून जातो. आई-वडिलांना स्वतःच्या फ्लोटरमध्ये, म्हणजे घरच्या सगळ्यांच्या एकत्र पॉलिसीत, घालू नका, हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या वयावर ठरतो. त्यांची वेगळी काढा.

बँकेतली २० रुपयांची अपघात विमा योजना आणि ४३६ रुपयांची जीवन ज्योती जीवन विमा योजना, दोन्ही सुरू करून टाका, दोन-दोन लाखांचं कव्हर आहे.

उत्तरायणाचं, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या पतंगांचं, मात्र मनावर घ्या. १४-१५ जानेवारीला, आणि आधीचा आठवडाभरही, दुचाकीवर मांजा गळ्याशी येतो. हँडलच्या पुढे तारेची कमान लावून घ्या. गाडीच्या पॉलिसीबरोबरचं १५ लाखांचं अपघात कव्हर मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे लायसन्स असेल तरच लागू होतं. मित्राची अ‍ॅक्टिव्हा घेऊन निघालात तर तुम्हाला ते नाही. त्यासाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा, आणि हाड मोडून घरी बसावं लागलं तर आठवड्याला पैसे देणारी असेल असं बघा.

नुसता थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, असेल तर तुमच्या गाडीचं काही भरून मिळत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायट्यांत शिरलं तेव्हा हे पुष्कळांना कळलं. पाण्यात राहिलेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं, आणि इंजिन प्रोटेक्शन हे जादा कव्हर घेतलेलं नसेल तर तो खर्च कंपनी सहसा देत नाही. फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून न्या. आणि तळमजल्याची खोली घेताना त्या वर्षी पार्किंगमध्ये पाणी कुठवर आलं होतं हे घरमालकाला नको, वॉचमनला विचारा.