आपला फोटो दुसऱ्याच्या पानावर: सोलापूरच्या फोटोग्राफरांनो, या चुका टाळा

संक्रांतीच्या आसपास, सिद्धेश्वर यात्रेत, सोलापुरात जेवढे कॅमेरे बाहेर पडतात, तेवढे वर्षभरात क्वचितच पडत असतील. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरची गर्दी. रात्री जागून फोटो निवडावेत, रंग नीट करावेत, फेसबुक-इन्स्टाग्रामवर टाकावेत. आणि सकाळी तेच फोटो नाव कापून कुणाच्या शुभेच्छांच्या डिजिटल फलकावर, एखाद्या न्यूज पेजवर नाहीतर हॉटेलच्या जाहिरातीत दिसावेत. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात उन्हात बसून टिपलेल्या पक्ष्यांचं आणि वारीच्या फोटोंचंही हेच होतं.

या बाबतीत कायदा फोटोग्राफरच्या बाजूने चांगला भक्कम आहे. तरीही तक्रारी फसतात. माझ्या मते त्यातल्या बऱ्याच आपल्याच हातून फसतात: काही तक्रारी फोटो चोरीला गेल्याचं कळल्यावर पहिल्या तासाभरात, आणि काही त्याच्याही कितीतरी आधी, ऑर्डर घेताना.

"रजिस्ट्रेशन केलेलं नाही, म्हणजे हक्क नाही" असं समजणं

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यात फोटो ही कलाकृती मानली आहे आणि ज्याने फोटो काढला तो तिचा कर्ता. बटण दाबलं की हक्क तयार होतो; अर्ज, फी, शिक्का काही लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीपासून हा हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो.

रजिस्ट्रेशन ऐच्छिक आहे. कलाकृतीमागे साधारण ५०० रुपये फी, ऑनलाइन अर्ज. कोर्टात ती नोंद प्रथमदर्शनी पुरावा म्हणून धरली जाते, एवढा तिचा फायदा. प्रत्येक फोटोसाठी हा खटाटोप करू नका. कॅलेंडरला, मोठ्या कंपनीला किंवा पुस्तकाला वारंवार जाणारे तुमचे मोजके फोटो असतील, तेवढ्यांची नोंद करा.

ऑर्डरचे फोटोही आपलेच धरून चालणं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून वाचा. कलम १७ सांगतं की कुणी मोबदला देऊन, स्वतःच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला, तर उलट करार नसेल तेव्हा पहिला मालक तो पैसे देणारा. लग्नाची ऑर्डर, बारसं, चादरीच्या व्यापाऱ्यासाठी केलेलं प्रॉडक्ट शूट, हॉटेलच्या मेन्यूचे फोटो, सगळं यात येतं.

समजा, पूर्व भागातल्या एका कारखानदारासाठी तुम्ही सोलापुरी चादरींचे फोटो काढले. बिल झालं, पैसे मिळाले, कागदावर बाकी काही नाही. पुढे परगावच्या एका विक्रेत्याने तेच फोटो उचलून ऑनलाइन दुकानात लावले. तुम्ही तक्रार केली तर समोरचा वकील पहिला प्रश्न विचारेल: तुम्ही मालक आहात का? अशा वेळी तक्रार कारखानदाराने करायची असते. तुम्ही त्याला मूळ फाइल आणि तारीख द्या, मदत करा, पण अर्जावर नाव त्याचं हवं. सोलापुरी चादरीच्या भौगोलिक मानांकनाच्या (त्या भागातल्या मालालाच ते नाव लावण्याच्या हक्काच्या) नावाखाली दुसराच माल विकला जात असेल, तर तो वेगळा विषय. दोन्ही एकाच तक्रारीत कोंबू नका.

उपाय सोपा आहे आणि तो ऑर्डर घेतानाच करायचा. कोटेशनवर किंवा बुकिंगच्या पावतीवर चार ओळी लिहा: कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील, ग्राहकाला अमुक वापराची परवानगी आहे, किती काळ, कुठे, फोटोग्राफर स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून फोटो दाखवू शकेल. खाली दोघांच्या सह्या. तारीख टाकायला विसरू नका. ॲडव्हान्स घेताना ग्राहक आनंदात असतो, तेव्हा सही मागायला अवघड वाटत नाही. अल्बम दिल्यावर मागायला गेलात तर वाद होतो.

लग्नाच्या बाबतीत माझं एक मत आहे. कॉपीराइट तुमच्याकडे ठेवलात तरी नवरीचा चेहरा स्टुडिओच्या बोर्डावर लावायची मुभा त्यातून आपोआप मिळत नाही. तिचं खासगीपण तिचं आहे. ती परवानगी तिच्याकडून वेगळी आणि लेखी घ्या.

ऑर्डरचा फोटो असला तरी कर्ता म्हणून श्रेय मागण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे फोटोग्राफरकडेच राहतो. मालकी दुसऱ्याला दिली तरी तो जात नाही. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.

वर्तमानपत्रात पगारावर असलेल्या फोटोग्राफरचा नियम आणखी निराळा आहे: छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकीच्या वापराचा फोटोग्राफरचा, करारात वेगळं ठरलं नसेल तर. फुटकळ काम करणाऱ्याने मात्र फोटो पाठवताना मेलमध्येच "एकदाच छापण्यासाठी" असं लिहावं. आणि कुणी करार पुढे केला तर मुदतीचं कलम आधी वाचा. हक्क देताना मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. "कायमचे, सर्व माध्यमांसाठी" असे शब्द दिसले की पेन खाली ठेवा आणि दराबद्दल बोला.

"सौजन्य" लिहिलं की भागलं, हे ऐकून गप्प बसणं

"सौजन्य: गुगल", "सौजन्य: सोशल मीडिया". गुगल फोटो काढत नाही. नाव देणं आणि परवानगी घेणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. तुमचं नाव अगदी ठळक छापलं तरी परवानगीची गरज संपत नाही.

अपवाद आहेत, तेही समजून घ्या. चालू घडामोडींचं वार्तांकन, समीक्षा, खासगी अभ्यास यांसाठी कलम ५२ मध्ये न्याय्य वापराची सवलत आहे. बातमीदार तिचा आधार घेईल आणि कधीकधी तो बरोबरही असेल. पण मिठाईच्या दुकानाची जाहिरात, बिल्डरची पोस्ट किंवा नेत्याचा वाढदिवस हे वार्तांकन नव्हे.

पुरावा घेण्याआधी कमेंट करणं

फोटो दिसला की डोकं तापतं. खाली कमेंट पडते, चार मित्रांना टॅग केलं जातं, आणि अर्ध्या तासात समोरचा पोस्ट उडवतो. मग आपल्या हातात काय राहतं? एक अर्धवट स्क्रीनशॉट, ज्यात ना पत्ता दिसतो ना तारीख.

आधी पुरावा, मग बोलणं. क्रम असा ठेवा. संगणकावर ते पान उघडा आणि वरचा पूर्ण पत्ता, खात्याचं नाव, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. पोस्टची थेट लिंक वेगळी लिहून ठेवा. प्रोफाइलची लिंक उपयोगाची नाही. स्टोरी चोवीस तासांत जाते, म्हणून प्रोफाइलपासून सुरू करून स्क्रीन रेकॉर्डिंग करा. वेबसाइट असेल तर वेबॅक मशीनवर (वेब पानांच्या प्रती जपून ठेवणारी साइट) ते पान जतन करून ठेवा. तिसऱ्याच ठिकाणी तारखेसह प्रत राहते. डिजिटल फलकावर फोटो असेल तर फलकाचा जवळून एक आणि चौक ओळखू येईल असा लांबून एक फोटो घ्या.

मग आपली बाजू. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल), तिच्या आगेमागे काढलेल्या फ्रेम आणि पहिल्यांदा टाकलेल्या पोस्टची लिंक. मूळ फ्रेममध्ये कापलेल्या कडा शिल्लक असतात. चोराकडे त्या असूच शकत नाहीत, त्यामुळे यापेक्षा बोलका पुरावा नाही. म्हणून जागा वाचवायला रॉ फाइल पुसू नका, निदान ज्या फोटोंना मागणी आहे त्यांच्या तरी नाही. कॅमेऱ्यातली तारीख-वेळही तपासून घ्या. बॅटरी बराच काळ काढून ठेवली की घड्याळ मागे जातं आणि तुमचाच पुरावा तुमच्याविरुद्ध बोलतो.

प्रकरण कोर्टात गेलं तर स्क्रीनशॉट नुसता देऊन चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये जरा बदल झाला तरी बदलणारा तिचा ओळख-आकडा, नोंदवायची असते. म्हणून स्क्रीनशॉट कापू नका, त्यावर लाल बाण काढू नका. मूळ प्रत तशीच ठेवून बाण दुसऱ्या प्रतीवर काढा.

फोटोतून आपलं नाव आपणच पुसणं

कॅनन, निकॉनसारख्या कॅमेऱ्यांच्या मेन्यूत कॉपीराइट माहिती भरायची सोय असते. नाव एकदा भरलं की प्रत्येक फाइलमध्ये ते आपोआप जातं. बहुतेकांनी ते कधी उघडलेलंच नसतं. आणि भरलं तरी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की आतली माहिती गळून जाते, आकारही घटतो. ग्राहकाला किंवा संपादकाला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी खास सांगतो. घरट्याचं ठिकाण कळू नये म्हणून तुम्ही फाइलमधली सगळी माहिती पुसता. हेतू चांगला आहे आणि माळढोकसारख्या पक्ष्याच्या बाबतीत ते आवश्यकच आहे. पण त्यात तुमचं नावही जातं. फक्त जीपीएस काढा, नाव आणि हक्काची ओळ राहू द्या. एक्सपोर्ट करताना बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे दोन पर्याय वेगळे असतात.

वॉटरमार्क कोपऱ्यात टाकला की कापला जातो. विषयाला लागून, पण चेहऱ्यावर न येता, फिकट टाका. कुणी फोटोतली हक्काची माहिती किंवा नाव जाणूनबुजून काढलं, तर कलम ६५ब खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. तक्रारीत हा मुद्दा जरूर लिहा.

सारखा दिसणारा फोटो आपलाच समजणं

अक्षता पडताना शेकडो कॅमेरे एकाच दिशेला रोखलेले असतात. शेजारच्याचा फोटो तुमच्यासारखा येणारच. हक्क तुमच्या फ्रेमवर आहे, सोहळ्यावर नाही. तक्रारीआधी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बारीक खुणा जुळवा: वर उचललेला हात, कापडाची घडी, कडेला अर्धवट आलेला चेहरा. एकही खूण चुकली तर तो दुसऱ्याचा फोटो आहे. चुकीची तक्रार करून एखाद्या सहकाऱ्याचं खातं अडचणीत आणणं फार वाईट.

चोरी शोधली, तक्रारीचा फॉर्म भरला, पण काही झालं नाही?

गुगल लेन्स किंवा टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या सेवांमध्ये फोटो सापडत नसेल तर तो उलटा करून, म्हणजे डावं-उजवं बदलून, शोधा. मग त्यातला एकच भाग कापून शोधा. बंद ग्रुपमधलं मात्र तिथे येत नाही; ते ओळखीच्यांकडूनच कळतं.

तक्रार फेटाळली गेली असेल तर आधी पाहा, तुम्ही "स्पॅम" किंवा "खोटी माहिती" असा पर्याय निवडला होता का. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांचे कॉपीराइटचे फॉर्म स्वतंत्र असतात. त्यात चोरीच्या पोस्टची आणि मूळ फोटोची, अशा दोन्ही लिंक लागतात. यूट्यूबवर फोटो व्हिडिओत कितव्या मिनिटाला येतो तेही. तुमचं नाव आणि ईमेल समोरच्यापर्यंत जाऊ शकतं, तेव्हा स्टुडिओचा ईमेल द्या, घरचा नको.

गुगलकडे अर्ज केला आणि शोधातून फोटो गेला, तरी मूळ वेबसाइटवर तो तसाच असतो. त्यासाठी वेबसाइटच्या मालकाला आणि ती जिथे ठेवली आहे त्या होस्टिंग कंपनीला लिहावं लागतं.

पोस्ट काढल्यावर काही दिवसांत परत आली, तर समोरच्याने प्रतिनोटीस (तुमची तक्रार चुकीची आहे असं कंपनीला लेखी कळवणं) दिली असण्याची शक्यता आहे. अमेरिकी कायद्यानुसार चालणाऱ्या कंपन्या अशा वेळी १० ते १४ कामाचे दिवस थांबतात आणि तुम्ही दावा केला नाही तर मजकूर परत लावतात. आपल्या कायद्यातली वाटही मुदतीची आहे: लेखी तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत मजकूर बंद, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू होऊ शकतो. तक्रारीतच तसं हमीपत्र द्यावं लागतं. वकिलाशी बोलून मगच ही वाट धरा.

धमकी देणं

"एक लाख टाक, नाहीतर आत घालतो" असा मेसेज कधीही पाठवू नका. निराधार धमकी दिल्यास समोरचाच कलम ६० खाली तुमच्यावर दावा करू शकतो. त्याऐवजी शांतपणे लेखी कळवा: फोटो माझा, हा पुरावा, तुमचा वापर अमुक तारखेपासून, माझ्या दरपत्रकाप्रमाणे रक्कम इतकी, उत्तर सात दिवसांत. सोबत बिल जोडा. दरपत्रक आधीपासून तयार असेल आणि त्या दराने कुणी पैसे दिल्याची एखादी पावती असेल, तर रकमेवर फारशी घासाघीस होत नाही. गावातला छोटा दुकानदार असेल तर मी आधी फोन करेन. अनेकांना खरोखर माहीत नसतं. पण बोलणं झाल्यावर तेच मेसेजमध्ये लिहून ठेवेन.

उत्तर आलंच नाही तर दोन दारं आहेत. पहिलं पोलिसांचं: कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात स्पष्ट केलं. पोलिस ठाण्यात जाताना त्या निकालाची प्रत सोबत न्या.

दुसरं दार दिवाणी दाव्याचं: मनाई आदेश आणि नुकसानभरपाई. कलम ६२ मुळे चोर मुंबईचा असो वा दिल्लीचा, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता त्या ठिकाणच्या, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. भरपाईसाठी मुदत उल्लंघनापासून तीन वर्षांची आहे. जुन्या यात्रेतले फोटो कुणाच्या वेबसाइटवर पडून असतील, तर तारखा आजच काढून बघा.