प्रागला ग्रुपने जाताय? मग या चुका टाळा

प्रागमध्ये ट्रिप बिघडवायची म्हणजे खरं तर मेहनत लागते, इतकं देखणं शहर आहे ते, पण दहा-बारा जणांचा ग्रुप असला की ती मेहनत आपोआप होते. बहुतेक भानगडी ओल्ड टाऊन स्क्वेअर ते चार्ल्स ब्रिज एवढ्याच पट्ट्यात होतात, त्याही भर दुपारी, आणि निम्म्या भानगडींचं मूळ एकच, ते म्हणजे सगळ्यांनी सगळं एकत्रच करायचं हा हट्ट.

चार्ल्स ब्रिजचंच घ्या. चौथ्या चार्ल्स राजाने १३५७ मध्ये बांधायला घेतलेला पूल, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे, खाली व्हल्टावा नदी. हे सगळं तुम्ही सकाळी ११ ला बघायला गेलात तर पुतळ्यांऐवजी लोकांच्या पाठी आणि सेल्फी स्टिक बघून परत याल. सकाळी सहा-साडेसहाला जा. आता ग्रुपमध्ये निम्म्यांना सहाला उठायचंच नसतं आणि उरलेल्यांना चहाशिवाय हलता येत नाही, मग सगळे तयार होईपर्यंत थांबा थांबा करत दहा वाजतात. थांबू नका ना! ज्यांना यायचंय त्यांनी जावं, बाकीच्यांनी झोपावं, नाश्त्याला भेटा.

तसंच ओल्ड टाऊन स्क्वेअरमधल्या जुन्या टाऊन हॉलवरच्या १४१० च्या खगोलीय घड्याळाचं. सकाळी ९ ते रात्री ११ दर तासाला वरच्या खिडक्यांमधून येशूच्या बारा प्रेषितांच्या (शिष्यांच्या) मूर्ती फिरतात, सांगाडा घंटा वाजवतो आणि बघता बघता खेळ खलास. लोक वर बघत असतात आणि खिसेकापू खाली, त्यामुळे त्या वेळी सॅक पोटावर घ्या. आणि त्याच इमारतीच्या कोपऱ्यावरून वळलात की फरसबंदीत पांढऱ्या दगडाचे २७ क्रॉस दिसतील, १६२१ मध्ये सम्राटाविरुद्धच्या बंडाबद्दल त्याच चौकात २७ जणांना मारलं होतं त्यांची ही खूण. अर्धं पब्लिक त्यावर उभं राहून आईस्क्रीम खात असतं. मला विचाराल तर घड्याळापेक्षा हे नीट बघा.

पैशांच्या चुका (इथेच जास्त फटका बसतो)

झेक प्रजासत्ताक युरोपियन युनियनमध्ये आहे पण चलन युरो नाही, कोरुना आहे. काही दुकानं युरो घेतात, पण स्वतःच्या रेटने, आणि सुट्टे परत देणार कोरुनात. मग लोक काय करतात, ग्रुपचा कॉमन फंड गोळा करून समोर 'शून्य टक्के कमिशन' अशी पाटी दिसली की तिथेच सगळे युरो बदलतात. कमिशन शून्यच असतं हो, पण रेटमध्येच सगळं वसूल केलेलं असतं. मोजायच्या आधी एकच प्रश्न विचारा, 'एवढ्या युरोचे हातात किती कोरुना देणार?' आणि तो आकडा मोबाईलवरच्या रेटशी ताडून बघा.

समजा फसलातच, तरी घाबरू नका, पावती फेकू नका. २०१९ पासून तिथे कायदा आहे की साधारण १००० युरोपर्यंतचा व्यवहार असेल तर तीन तासांच्या आत त्याच काउंटरवर जाऊन तो रद्द करता येतो. फक्त वेळ बघा, नाहीतर आपले लोक आधी जेवून घेऊ मग जाऊ म्हणतात. रस्त्यात कोणी 'चांगला रेट देतो' म्हणून जवळ आला तर मात्र सरळ पुढे चला, तो भलत्याच देशाच्या नोटा हातात कोंबतो आणि त्याच्याकडून कसली पावती आणि कसलं काय.

एटीएम शक्यतो बँकेचंच वापरा. मशीनने 'रुपयांत कन्व्हर्ट करू का' विचारलं की नाही म्हणा. आणि कार्डावर इंटरनॅशनल वापर निघायच्या आधी बँकेच्या ॲपमधून चालू केलाय ना, हे प्रत्येकाने बघा, एकाच्या कार्डावर सगळा ग्रुप नको.

ट्राम-मेट्रोचं तिकीट

कागदी तिकीट काढलं म्हणजे झालं असं नाही. ट्राममध्ये चढल्यावर किंवा मेट्रो स्टेशनात खाली जायच्या आधी पिवळ्या डब्यात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारायचा, तोही एकदाच. शिक्का नसेल तर तिकीट खिशात असूनही दंड. चेकर साध्या कपड्यात असतात, म्हणून आधी बॅज बघा, दंड भरलात तर पावती घ्या, आणि अख्ख्या ग्रुपने मिळून हुज्जत घालू नका, त्याने रक्कम कमी होत नाही. सगळी तिकिटं एकाच काकांच्या पाकिटात ठेवायची सवय तर पहिली सोडा. काका पुढच्या डब्यात, बाकीचे मागच्या डब्यात आणि चेकर मधे! गुडघे दुखणाऱ्यांना मेट्रोच्या लांबलचक, भरधाव सरकत्या जिन्यांवर नेण्यापेक्षा ट्राम बरी.

प्रागच्या किल्ल्यावरही २२ नंबरच्या ट्रामने वर जा आणि पायऱ्यांनी खाली उतरा, उलटं केलंत तर घरचे ज्येष्ठ दिवसभर बोलणार नाहीत. किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल (१३४४ ला सुरू, १९२९ ला पूर्ण) रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना बंद असतं आणि ज्यू वस्तीतली सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) शनिवारी. वीकेंडचा प्लॅन करताना हे दोन्ही हमखास उलटे लावले जातात.

खाणं

चौकातल्या स्टॉलवर हॅम (डुकराचं मांस) भाजताना मस्त वास येतो, पण पाटीवरचा भाव प्लेटचा नसतो, १०० ग्रॅमचा असतो, आणि कापणारा हात सैल असतो. किती ग्रॅम ते आधी सांगा. शाकाहारींनी स्माझेनी सिर मागवा, ब्रेडक्रम्स लावून तळलेलं चीज, बटाट्याबरोबर देतात, पोट भरतं. सूप मात्र विचारून घ्या, भाज्यांचं दिसलं तरी मटणाच्या पाण्यातलं असू शकतं. घरून भडंग, चिवडा, भाकरवडी खुशाल न्या, पण पेढे, तूप, पनीर नको, युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

अपार्टमेंट घेतलंत तर रात्री १० नंतर भेंड्या बंद. तिथे रात्रीच्या शांततेचा नियम लोक पाळतात आणि शेजारी खरंच पोलिसांना फोन करतात.

कोणी हरवलं तर? भेटायची जागा सकाळीच ठरवा. वेन्सेस्लास चौकातला घोडेस्वाराचा पुतळा बेस्ट, प्रागचे लोकही तिथेच भेटतात. आणि सगळ्यांचे पासपोर्ट ग्रुप लीडरच्या एका फोल्डरमध्ये ठेवायचे असतील तर तो विचार सोडून द्या, फोल्डर गेला की अख्खा ग्रुप अडकला. ज्याचा त्याच्याकडे, आणि झेरॉक्स दुसऱ्याच्या बॅगेत. पासपोर्ट गेलाच तर आधी पोलिसात तक्रार (इमर्जन्सीला ११२), त्याची प्रत घेऊन प्रागमधली भारतीय वकिलात, तिथे परतीसाठी इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. फोटो लागतात, दोन-चार पासपोर्ट साईज फोटो प्रत्येकाने जवळ ठेवा.