शेवटच्या मुलालाही आवडीचा विषय कसा द्यायचा

विज्ञान प्रदर्शनाचे विषय मी पूर्वी हजेरीच्या क्रमाने वाटायचो. शेवटच्या मुलाच्या हाती कुणालाच नको असलेला विषय यायचा आणि त्याचा उतरलेला चेहरा मला घरी आल्यावरही आठवायचा. आता मी ग्राफ काढतो, म्हणजे मुलं आणि विषय रेघांनी जोडलेलं चित्र. पेन्सिल आणि खोडरबर एवढंच लागतं.

डावीकडे मुलांचे हजेरी क्रमांक लिहा, उजवीकडे विषय. ज्याला जो विषय चालेल, तिथपर्यंत पुसट रेघ ओढा. आमच्याकडे असं होतं: ७ ला सौरचूल किंवा पेरिस्कोप, १२ ला सौरचूल किंवा गांडूळखत, १८ ला पेरिस्कोप किंवा जलशुद्धीकरण, २३ ला जलशुद्धीकरण किंवा ज्वालामुखी आणि ३१ ला फक्त सौरचूल. ज्याला जो विषय द्याल, ती रेघ ठळक करा. प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक विषयाला नेमकी एकच ठळक रेघ मिळाली, की ती परिपूर्ण जुळणी.

आधी जमेल तसं वाटा. ७ ला सौरचूल, १२ ला गांडूळखत, १८ ला पेरिस्कोप, २३ ला जलशुद्धीकरण. ३१ अडला, ज्वालामुखी मोकळा राहिला. इथे सगळं खोडून पुन्हा सुरुवात करू नका. ३१ वर बोट ठेवा. पुसट रेघेने सौरचुलीवर जा, तिथून ठळक रेघेने ७ वर, पुसट रेघेने पेरिस्कोपवर, ठळकने १८ वर, मग जलशुद्धीकरण, २३ आणि शेवटी ज्वालामुखी. मोकळा विषय सापडला! आता या वाटेवरच्या पुसट रेघा ठळक करा, ठळक पुसट करा. तीन ठळक रेघा गेल्या, चार आल्या. पाचही मुलांना मागितलेला विषय मिळाला आणि १२ ला तर हातही लावावा लागला नाही.

अशी वाट उरली नसेल तर जुळणी याहून मोठी होऊच शकत नाही, हे गणितज्ञ क्लोद बेर्ज यांनी १९५७ मध्ये सिद्ध केलं. (एकाच गटातल्या मुलांच्या जोड्या लावताना मात्र विषम चक्रं, म्हणजे विषम संख्येच्या रेघांची बंद वर्तुळं, आडवी येतात. त्यासाठी गणितज्ञ जॅक एडमंड्स यांची १९६५ ची पद्धत लागते.)

वाटेला फाटे फुटतील, ते सगळे तपासा. एकही फाटा मोकळ्या विषयापर्यंत गेला नाही, तर बोट ज्या मुलांवर टेकलं ती मोजा. अडलेलं मूल धरून ती त्यांच्या विषयांपेक्षा बरोबर एकाने जास्त भरतील. गणितज्ञ फिलिप हॉल यांच्या १९३५ च्या प्रमेयातली अडचण ती हीच. अशा वेळी कितीही फिरवाफिरव केली तरी उपयोग नाही, कुणाची तरी यादी वाढवावीच लागते. पण ती अडलेल्याचीच वाढवायला हवी असं नाही. मी त्या गटातल्या सगळ्यांना एकत्र बसवतो आणि मोकळा विषय कुणाला चालेल ते विचारतो. कुणीही एकाने हो म्हटलं, की अडलेल्यापासून त्या मुलामार्गे मोकळ्या विषयापर्यंतची वाट उलटवायची.