गाडीवर बारीक ओरखड्यांचं जाळं पडलंय अन् घरीच पॉलिशर फिरवताय? आधी या चुका टाळा

पॉलिशर, म्हणजे पॉलिश करायची मशीन, आता ऑनलाइन दोन-तीन हजारापासून मिळतो, कुरिअर तालुक्यापर्यंत येतंच, मग रविवारी आंगणात गाडी लावायची, व्हिडिओ पाह्यचा अन् सुरू व्हायचं. व्हा ना, काही हरकत नाही, हे काम घरी होण्यासारखंच आहे. पण गावोगाव कडा जळालेल्या अन् बंपरवर पांढरे चट्टे पडलेल्या गाड्याही दिसतात, आणि त्याचं कारण जवळपास दरवेळी तेच असतं, आपण घासतोय ते किती पातळ आहे हे माहीतच नसतं.

कंपनीच्या पेंटची सगळी जाडी मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, फक्त ४०-५०. ५० मायक्रॉन म्हणजे किती, तर २०१६ च्या नियमात ज्याच्यापेक्षा पातळ पिशवी चालणार नाही म्हणून दुकानदारांना दंड व्हायचे, तेवढा. बस, एक कॅरीबॅग. उन्हापासून कलर वाचवणारं सगळं या थरातच असतं. जाडं कंपाउंड, म्हणजे घासून ओरखडे काढायची पेस्ट, एकदा मारलं की त्यातले दोन-तीन मायक्रॉन गेले, आणि गेलेलं परत येत नाही, वॅक्सनं नाही अन् सिरॅमिक कोटिंगनंही नाही. म्हणून दरवर्षी दिवाळीला गाडी "फुल रबिंग" करून आणणारे लोक चार-पाच वर्षांनी छताची खपली निघाली म्हणून पेंटरकडे बसलेले असतात.

आता ओरखडा मशीननं जाणार की नाही हे आधी नखानं पाहा. नख आडवं फिरवलं अन् अडकलं, तर तो चरा मशीननं काढण्यापेक्षा खोल गेलाय, त्याला घासत बसू नका, तिथं टचअप किंवा पेंटरच. पांदणीतून गाडी नेली की बोरी-बाभळीच्या फांद्यांनी दोन्ही बाजूला ज्या लांब रेघा पडतात त्यातल्या बऱ्याचशा वरवरच्या असतात, त्या निघतात. बकरी बोनेटवर चढली असेल तर खुराची खूण बहुतेक निघत नाही, फिकी होते, तेवढ्यात समाधान माना.

धूळ न काढता मशीन लावणं

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं आणि यात मशीनचा काही दोष नाही. ते गोल-गोल जाळं उन्हात बोनेटवर दिसतं ना, ते पडतं कशानं? सकाळी गाडी काढताना गळ्यातला दुपट्टा काढून कोरड्या धुळीवर दोन हात मारतो त्यानं. आपल्याकडं पावसाळा सोडला तर वर्षभर गाडीवर काही ना काही बसलेलंच असतं, काळ्या मातीची धूळ, मुरमाची धूळ, सोयाबीनचा हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, चालू असला की त्याचा भुसा, आणि वणी-घुग्गुस-चंद्रपूर भागात वरून कोळशाची भुकटी. त्यात बारीक खडे असतात, दुपट्टा ते खडे घेऊन फिरतो. मग तेच खडे पॅडखाली राहिले अन् मशीन फिरली की जाळं काढायच्या नावाखाली आपण नवीन जाळं पाडतो, तेही मोठ्या ताकदीनं.

म्हणून आधी नुसत्या पाण्यानं भरपूर भिजवा, खालून चाकाकडचा चिखल काढा, मग शाम्पू. कपडे धुवायची पावडर नको, भांड्याचं लिक्विडही रोजच्या धुण्यात नको. बादल्या दोन ठेवा, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, कपडा दरवेळी साध्या पाण्यात खळखळून मगच शाम्पूत. दुसऱ्या बादलीच्या तळाशी किती रेती बसते ते एकदा पाहा, मग कोणी सांगायची गरज राहत नाही.

धुतल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं पेंटवरून फिरवा. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून घेणारा मऊ मातीसारखा तुकडा, लागेल, शाम्पूचं पाणी मारत हलक्या हातानं. तुकडा खाली पडला की फेकून द्या, झटकून परत वापरू नका, आंगणातली माती त्यात कायमची बसते.

पाण्याचंही पाहा. खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, दर्यापूर, संग्रामपूरकडच्या भागात, बोअरचं पाणी गाडीवर वाळलं की पांढरे गोल डाग पडतात आणि लोक त्यालाच स्क्रॅच समजून कंपाउंड मारतात. ते क्षार आहेत. पांढरं व्हिनेगर अन् पाणी अर्धं-अर्धं करून, थंड पॅनलवर, सावलीत, कपड्यानं मिनिटभर लावा आणि लगेच धुवून टाका, बरेचसे डाग तिथंच जातात. जे राहतात ते पेंटमध्ये उतरलेले, त्यांना मग पॉलिश. शेवटचं पाणी कॅनच्या आरओचं मारा, १०-१५ लिटरात होतं. काही जण आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी साठवून गाडी धुतात, बचत म्हणून चांगलं वाटतं पण सगळे क्षार त्याच पाण्यात जमा झालेले असतात, त्यापेक्षा बोअरचं बरं.

वेल्डिंगवाल्याचा ग्राइंडर आणणं

हे प्लीज करू नका. चार इंची ग्राइंडरला वेल्क्रोचा पॅड लावून "हेच ते, मशीन तर मशीनच असते" म्हणणारे दरेक गावात एक-दोन आहेत. तो ग्राइंडर ११,००० आरपीएमच्या आसपास फिरतो. पॉलिशिंगची रोटरी, म्हणजे नुसती गोल फिरणारी, मशीन साधारण ६०० ते ३,००० मध्ये चालते अन् तीसुद्धा शिकलेल्या हाताला. ग्राइंडर एका जागी दोन सेकंद थांबला की पेंट मऊ पडतो, वास येतो, अन् बंपर असेल तर तिथं काळं प्लास्टिकच दिसायला लागतं, कारण पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक पसरवत नाही, सगळी गरमी त्याच जागी राहते. व्हिडिओतला माणूस ग्राइंडरनं करतो हे खरं आहे, तो वर्षानुवर्षं तेच करतोय अन् त्याची गाडीही गिऱ्हाइकाची आहे.

नवशिक्यानं ड्युअल अ‍ॅक्शन म्हणजे डीए मशीन घ्यावी. यात पॅड फिरतो आणि सोबत हलतोही, त्यामुळं एका जागी गरमी कमी साचते, आणि जोरात दाबलं तर पॅड फिरायचाच थांबतो, म्हणजे चूक झाली तरी मशीन स्वतः माघार घेते. वेळ जास्त लागतो, दोन दिवस लागले तर लागू द्या. मशीनच्या बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड चिकटतो त्या चकतीच्या, काठावर मार्करनं एक काळी रेघ मारून ठेवा, रेघ फिरताना दिसली म्हणजे काम चालू आहे, रेघ एका जागी थरथरली म्हणजे तुम्ही दाबताय किंवा मशीन तिरपी धरलीय.

कडा, दरवाज्याच्या धारा, बोनेटच्या मधली उठावाची रेघ, इथं पेंट आधीच पातळ असतो. मास्किंग टेप लावा, काळ्या रबरावर अन् प्लास्टिकवर पण लावा, नाहीतर कंपाउंड वाळून पांढरं बसतं अन् मग टूथब्रश घेऊन बसायची वेळ येते. पार्सलची खाकी टेप नको, उन्हात तिचा गोंद पेंटलाच राहतो.

मे महिन्यात आंगणात

४५ डिग्रीत कंपाउंड पेंटवर टिकतच नाही, पसरवायच्या आत वाळतं, मग भुकटी उडते, पॅड भरतो, लोक अजून कंपाउंड टाकतात, अजून भरतो. पॅनलवर तळहात आरामात ठेवता आला पाहिजे, नसेल ठेवता येत तर मशीन उचलूच नका. टिनाच्या शेडखाली सावली असते पण दुपारी टिनच तापून खाली झळ मारतं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस यासाठी एकदम छान, फक्त शेजारी मळणी चालू नको. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे पाचला सुरू करून आठला बंद.

विजेचं तर विचारूच नका. गावठाणच्या लाइनवर संध्याकाळी सगळ्यांचे कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडतं, मशीन हळू होते, मग माणूस डायल वाढवतो, अन् अचानक व्होल्टेज परत आलं की मशीन हातातून उसळते. काम दिवसा उरका. एक्स्टेंशनची वायर दिवाळीच्या लाइटिंगची नको, १.५ स्क्वेअर एमएमची घ्या आणि हाताला गरम लागली तर थांबा. जिथं गाडी धुतली त्याच ओल्यात उभं राहून मशीन चालवू नका. आणि हो, तो दुपट्टा गळ्यातून काढून ठेवा, फिरत्या पॅडमध्ये अडकतो. बेल्टचं बक्कल पण, दरवाजा पॉलिश करता करता पोटाजवळ नवीन ओरखडा पडतो.

सुरुवातच कडक मालानं करणं

लोकं लोकरीचा पॅड अन् सगळ्यात जाडं कंपाउंड घेऊन बोनेटच्या मधोमध सुरू होतात. उलटं करा, एका कोपऱ्यात दीड-दोन फुटाचा चौकोन घ्या, मऊ फोमचा पॅड, बारीक पॉलिश. झालं तर झालं, नाही झालं तरच एक पायरी वर. त्या चौकोनात जे जमलं तेच पूर्ण गाडीला. कुठला माल लागेल हे गाडीगाडीवर अवलंबून आहे, आधी रिपेंट झालेला पॅनल बऱ्याचदा कंपनीच्या पेंटपेक्षा मऊ असतो, सेकंडहँड गाडी असेल तर हे धरूनच चाला.

पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. मशीन बंद असतानाच पॅड पॅनलवर टेकवून थोडं पसरवा, मग हळू स्पीडवर, मग डायल ४-५ वर. हात सावकाश, सेकंदाला इंचभर, आधीच्या पट्ट्यावर अर्धा पट्टा चढवत, आडवं झालं की उभं. दोन-तीन चौकोन झाले की पॅड ब्रशनं साफ. पॅड तीन-चार तरी लागतातच, एकाच पॅडवर पूर्ण गाडी करायचा कंजूसपणा इथं चालत नाही. आणि पॅड जमिनीवर पालथा ठेवू नका, ठेवला तर तो धुवेपर्यंत बाद.

मधेच काही बिघडलं तर असं पाहा. जाळं गेलं पण धुरकट झालंय, तर माल कडक होता, मऊ पॅड अन् बारीक पॉलिशनं परत एक हात मारा. पॅडवर गाडीचाच कलर आला, तर वर क्लिअर कोट नाहीये, जुन्या साध्या रंगाच्या गाड्यांना कधी कधी नसतोच, घाबरू नका पण बेतानं घ्या. मेटॅलिक गाडी असून कलर आला तर लगेच थांबा, थर फुटलाय. मशीन खूप हादरतेय म्हणजे पॅड मधोमध बसला नाही. पॅड वेल्क्रोतून सुटतोय म्हणजे तापलाय, बदला अन् थंड होऊ द्या. रोटरी वापरली अन् उन्हात इंद्रधनुषी लाटा दिसतायत, त्या त्याच मशीननं जाणार नाहीत, डीएनं काढाव्या लागतील.

पहिल्या धुण्यात ओरखडे परत आले अशी तक्रार फार येते. ते गेलेच नव्हते भाऊ. स्वस्त पॉलिशमध्ये तेल अन् भराव असतो, तो चऱ्यात बसतो, चमक येते, शाम्पू लागला की निघून जातो. खोबरेल, डिझेल अन् रॉकेलच्या पोछ्याचं तेच, दोन दिवस चकचकीत, वर धूळ चिकटते ती वेगळी. टूथपेस्टनं एखादी बारीक रेघ जाते, पूर्ण बोनेट तिनं घासू नका. खरं काय झालंय ते पाह्यचं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, पाणी चार-पाच भाग, त्यानं पुसा आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून किंवा थेट उन्हात पाहा. ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या छान दिसतात.

शेवटी वॅक्स किंवा सीलंट, म्हणजे पेंटवरचं केमिकलचं संरक्षण, लागेलच, आपल्या उन्हात वॅक्स फार टिकत नाही म्हणून सीलंट बरं पडतं. नुकताच पेंट केलेल्या पॅनलला मात्र निदान महिनाभर काहीच लावू नका, आतला थिनर निघायचा असतो. मायक्रोफायबरची फडकी घरच्या कपड्यांसोबत मशीनला टाकू नका, कापसाचे तंतू अडकतात, कंडिशनरही नको, अन् वाळवताना आंगणातल्या तारेवर नको, आत घरात टाका.